‘नट्टापट्टा’ : एका शब्दाशी झालेला व्यवहार

‘नट्टापट्टा’ हा शब्द मी प्रथम ऐकला तो वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी, कृष्णाकाठच्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात. माझी आत्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला निघाली होती. ऐन पंचविशीत विधवा होऊन ती माहेरी परतली होती आणि पुढे शिवणाची परीक्षा देऊन गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली होती. एरवी ती फिक्या रंगाचे, बारीक काठाचे पातळ नेसत असे. त्या दिवशी तिने अबोली रंगाचे पातळ नेसले होते. तांब्यात निखारे घालून आदल्या रात्री तिनेच त्याला इस्त्री केलेली मी पाहिली होती. चेहऱ्याला थोडी पावडर लावली होती. इतकेच. आजी देवघरातून बाहेर आली, तिने आत्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, “हा नट्टापट्टा कशाला?” आवाज चढलेला नव्हता. प्रश्नाला उत्तर अपेक्षित नाही, हे त्या वयातही मला कळले. आत्या आत गेली आणि पाच-सात मिनिटांनी नेहमीच्या पातळात बाहेर आली. पावडर मात्र तिने पुसली नव्हती. संमेलनाला मी तिच्याबरोबर गेलो. वाटेत मी विचारले, “आत्या, नट्टापट्टा म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “आजीला विचार.”

आजीला मी विचारले नाही. पुढे मराठीचे अध्यापन हाच व्यवसाय झाल्यामुळे शब्दांना प्रश्न विचारण्याची सवय जडली, तरी या एका शब्दाकडे मी बराच काळ वळलो नाही. वळलो तो एका चुकीमुळे. ती चूक सांगण्याआधी शब्दाची थोडी चौकशी करणे आवश्यक आहे. कारण चुकीचे बीज माझ्या मते शब्दाच्या घडणीतच आहे.

मराठीतील अनेक जोडशब्दांत दुसरा घटक हा पहिल्याचा निव्वळ पडसाद असतो : गोडधोड, उरलेसुरले. काही ठिकाणी मात्र तो स्वतंत्र आणि अर्थवान असतो. ‘कपडालत्ता’मधला लत्ता म्हणजे चिंधी, आणि ‘भांडीकुंडी’मधली कुंडी खरोखरीच कुंडी असते. ‘नट्टापट्टा’मधला पट्टा यांपैकी कोणत्या जातीचा? संस्कृतातील ‘पट’ आणि ‘पट्ट’ हे वस्त्राचे, त्यातही ‘पट्ट’ हा रेशमी वस्त्राचा वाचक. त्यांना येथे आणून बसवले तर एक देखणी व्युत्पत्ती हाती लागते. मी तो मोह आवरतो. माझ्या कानाला या शब्दात वस्त्र ऐकू येत नाही, ठेका ऐकू येतो; आणि तो ठेका मराठीत एकटा नाही. थट्टा, बट्टा, रट्टा, धट्टाकट्टा. ‘नटणे’ या क्रियापदातला एकेरी ‘ट’ तसा निरुपद्रवी आहे. नवरी नटते, पोर नटते, क्वचित श्रावणात सृष्टीही नटते. तोच ‘ट’ दुहेरी होऊन आला की क्रियेच्या वर्णनात शेरा मिसळतो.

याच साच्यातला ‘धट्टाकट्टा’ हा शब्द मात्र निखळ कौतुकाचा आहे. तो विशेषण असल्यामुळे लिंगाप्रमाणे बदलतो, आणि मुलगीही धट्टीकट्टी असू शकते. ‘नट्टापट्टा’ हे नाम. ते सदैव पुल्लिंगी राहते आणि तो करणारी व्यक्ती जवळजवळ नेहमीच स्त्री असते. ‘त्याने नट्टापट्टा केला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते उच्चारताच थट्टा सुरू होते; कारण त्या पुरुषाला आपण तेवढ्यापुरते बाईच्या जागी बसवलेले असते. पुरुषांच्या बाजूला शब्दांची टंचाई आहे असे नव्हे. थाट, ऐट, डौल, रुबाब, दिमाख. यांतला ‘दिमाख’ तर मेंदूचा वाचक असलेल्या अरबी ‘दिमाग’चा मराठी अवतार आहे, म्हणजे पुरुषाने फेटा जरा तिरपा बांधला तरी त्याचा संबंध थेट डोक्याच्या आतल्या भागाशी लागतो! रुबाब करता येतो, ऐटही करता येते, हे खरे. पण हे शब्द ‘असणे’ या क्रियापदाशीही सुखाने नांदतात. त्याच्या चालण्यात डौल असतो, बोलण्यात रुबाब असतो. ‘तिच्यात नट्टापट्टा आहे’ असे कोणी म्हणत नाही. तो केवळ केला जातो, आणि जे केले आहे ते पुसायलाही सांगता येते. ‘छानछोकी’ हा एक शब्द दोन्ही बाजूंना लागू पडतो, पण तेथे आक्षेप खर्चावर असतो. ‘भपका’ माणसाइतकाच लग्नाच्या मांडवाचाही असू शकतो (आणि उग्र वासाचाही, त्यात निदान नाक मुरडण्याचे कारण तरी स्पष्ट आहे).

शब्दाच्या मुळाशी ‘नट’ आहे, आणि खरी अडचण तेथे आहे. संस्कृतातील ‘नट्’ हा धातू ‘नृत्’चेच प्राकृत वळणाने आलेले रूप असल्याचे सामान्यतः मानले जाते. नाचणे, सोंग घेणे, अभिनय करणे हे त्याचे अर्थ. पुढे ‘नट’ हे खेळ आणि कसरती करून पोट भरणाऱ्या भटक्या समूहाचेही नाव झाले. पेशवाईच्या संदर्भात ‘नाटकशाळा’ हा शब्द वाचताना आजच्या विद्यार्थ्याला हमखास एखादी इमारत डोळ्यांपुढे येते, आणि ती ठेवलेली स्त्री होय असे सांगितल्यावर वर्गात खसखस पिकते. नटणारी स्त्री म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून उभी राहिलेली स्त्री, आणि लोकांनी पाहावे म्हणून जी उभी राहते ती घरातली नव्हे, असे दोन टप्प्यांचे अनुमान या शब्दाने स्वतःत साठवून ठेवले आहे. आजीने ते शब्दांत कधीच मांडले नसते. मांडण्याची गरजच नव्हती. शब्द तिच्या वतीने ते करीत होता.

बालगंधर्वांचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे रंगभूमीवर शालू आणि दागिने लेवून उभे राहात, आणि त्यांचे नेसणे, त्यांचे केस व फुले घरंदाज स्त्रिया आवडीने उचलीत. म्हणजे शब्दशः नटाचे नटणे हे कुलीनतेचा आदर्श झाले. त्याला कोणी नट्टापट्टा म्हटले नाही. ती वेषभूषा होती, कला होती. पण तेच नेसणे एखाद्या स्त्रीने आपल्या ओसरीवर, एखाद्या साध्या मंगळवारी उचलले असते, तर तिच्यासाठी शब्द तयार होता. प्रसंग नसणे हाही या शब्दाच्या अर्थाचा भाग आहे. नवरात्रात तुळजापूरच्या भवानीची अलंकार महापूजा मांडली जाते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग, बेगड आणि गोंडे लावून अंगावर झूल घालतात. लग्नात नवरीचा साजशृंगार होतो. देवीला, जनावराला आणि नवरीला तिथी आहे, मुहूर्त आहे. ज्या सजण्याला तिथी नाही, जे केवळ स्वतःला वाटले म्हणून केले जाते, त्याचे नाव नट्टापट्टा. कोशकार अशा शब्दापुढे अर्थ देतात. तो कोणी कोणाला म्हणायचा असतो, हे सहसा देत नाहीत. माझ्या लहानपणी हा शब्द मी प्रथमपुरुषी कधीच ऐकला नाही. तो नेहमी पाहणाऱ्याचा शब्द होता.

या पाहणाऱ्याचे दुसरे, अधिक सौम्य हत्यार म्हणजे ‘शोभत नाही’ हा वाक्प्रयोग. शोभा ही सौंदर्याची बाब. पण ‘हे तुला शोभत नाही’ म्हणताना आपण क्वचितच सौंदर्याविषयी बोलत असतो. आपण पायरीविषयी बोलत असतो. विधवेला रंग शोभत नाही, म्हातारीला फूल शोभत नाही, गरिबाला कडक इस्त्री शोभत नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिताना विधवांवरच्या या बंधनांचा जाब पुरुषांना विचारला होता. जातीच्या बाबतीत ही पायरी अधिकच कठोर होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले त्यात लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा, आणि अस्पृश्यतेची खूण होऊन बसलेले दागिने टाकून देण्याचा आग्रह होता. त्या भाषणात सजण्याचा पुरस्कार नव्हता, उलट दागिन्यांच्या ओझ्याला नकारच होता. तरी त्यामागची जाण महत्त्वाची वाटते : अंगावरचे वस्त्र हे माणूस बोलण्यापूर्वीच इतरांनी वाचून टाकलेले असते, आणि ते कसे वाचले जावे यात वाचल्या जाणाऱ्याचाही हात असू शकतो.

वाचण्याचा उल्लेख आला, तेव्हा आता आपल्याच घराकडे वळतो. साहित्यशास्त्रात ‘शोभत नाही’चे प्रतिष्ठित नाव औचित्य हे आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने काश्मिरात औचित्यविचाराची मांडणी केली, तेव्हा त्याने दिलेला दृष्टान्त दागिन्यांचाच आहे : कमरेची मेखला गळ्यात घातली आणि पायातली नूपुरे हातात, तर कोण हसणार नाही? दृष्टान्त चपखल आहे, पण तो वाचताना हसणारे कोण आणि ज्याच्यावर हसले जाते ते कोण, हा प्रश्न आपण विचारीत नाही. समीक्षेची आपली परिभाषा थोडी उलगडून पाहिली तर ती कपड्यांच्या पेटीतून काढल्यासारखी वाटते. पोशाखी भाषा, भरजरी शैली, झगमगीत प्रतिमा, नटवी कल्पकता; आणि त्यांच्या विरोधात साधी, अनलंकृत, उघडीवाघडी भाषा. वस्तुतः ‘अलंकार’ या शब्दात ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ असा अर्थ दडलेला आहे. वस्तू पुरेशी होण्यासाठी जे करायचे ते अलंकरण. वामनाने अलंकाराची व्याप्ती सौंदर्यापर्यंत नेऊन ठेवली. मम्मटाने काव्यलक्षणात क्वचित अलंकारावाचूनही चालेल अशी सवलत दिली, आणि ‘चंद्रालोक’कार जयदेवाने त्याची टर उडवून विचारले की उष्णतेवाचून अग्नी का मानत नाही. मराठीची सुरुवात तर अधिकच निःसंकोच आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणेश हा नखशिखान्त सजलेला आहे : पुराणे हे त्याचे रत्नालंकार, नेटका पदबंध हे रंगीत वस्त्र, काव्यनाटके या रुणझुणणाऱ्या घागऱ्या. वाङ्मयाला सजवलेल्या देहाच्या रूपात पाहताना ज्ञानेश्वरांना कोणताही संकोच वाटला नाही.

संकोच आमच्या पिढीला वाटला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या मर्ढेकरांच्या ‘काही कविता’नंतर जे मराठी वाचायला शिकले, त्यांत मी होतो. साठीच्या दशकात लघुनियतकालिकांनी आणि नंतर दलित साहित्याने मराठी भाषेवरची बरीच इस्त्री मोडली, आणि ते आवश्यकच होते, याविषयी आजही माझे दुमत नाही. पण चळवळीने जे कमावले ते आम्ही अध्यापकांनी फार लवकर निकष म्हणून वापरायला घेतले. उघडे ते खरे, सजलेले ते खोटे. या निकषाला प्रत्यक्ष कविता वाचण्याची फारशी गरज भासत नाही, ही त्याची सोय होती.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस एका नियतकालिकासाठी मी एका कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण लिहिले. संग्रह छोटा होता, कवयित्री अपरिचित होती आणि मला जागा दोन पानांची होती. ठुशी, बुगडी, पाटल्या, तोडे, पुतळ्यांची माळ असे दागिन्यांचे उल्लेख तीत वारंवार येत होते. मी लिहिले की ही कविता नट्टापट्टा करून दारात उभी आहे आणि घरात मात्र कोणी नाही. वाक्य मला आवडले होते. दोन-तीन स्नेह्यांनी ते पाठ म्हणून दाखवले, तेव्हा अधिकच आवडले.

आत्या माझे छापून आलेले सगळे वाचीत असे, तेही क्रमाने, पेन्सिल हातात घेऊन. त्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा तिने तो अंक काढला.

“ही बाई तुझ्या ओळखीची आहे का रे?”

“नाही.”

“मग तिला दारात कुणी उभी केली?”

मी समजावू लागलो. हे बाईविषयी नाही, कवितेविषयी आहे. हे रूपक आहे. समीक्षेत असे म्हणण्याची रीत आहे. तिने सगळे ऐकून घेतले. “रीत असेल,” म्हणाली, आणि अंक मिटून खुंटीवरच्या पिशवीत ठेवला. अबोली पातळाचा प्रसंग तिने काढला नाही, मीही काढला नाही. तो तिला आठवत होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. आपण अशा जागी स्मरणाचा धागा फार सहजपणे समोरच्याच्या हातात देऊन टाकतो. माझ्या हातात तो होता, हे मात्र नाकारता येणार नाही. त्या शब्दाचा स्वर मी जिथून उचलला ती जागा मला त्या दिवशी स्पष्ट दिसली, आणि तरीही पुढची कित्येक वर्षे मी काही केले नाही.

निवृत्तीनंतर पुस्तके आवरताना तो संग्रह पुन्हा हाती आला. समासात माझ्याच अक्षरात ‘पुन्हा दागिने!’ असे तीन ठिकाणी लिहिलेले होते. या खेपेला मी कविता सावकाश वाचल्या. ज्या कवितेत दागिन्यांची सर्वांत लांब यादी होती, आणि जिच्यावर माझा मुख्य रोख होता, ती संपूर्ण कविता भूतकाळात होती. ठुशी होती, बुगड्या होत्या, पाटल्या होत्या. प्रत्येक दागिन्यानंतर एक प्रसंग अर्ध्या ओळीत येऊन जात होता : कोणाची फी, कोणाचे औषध, बियाणे, विहिरीचे काम. ते अंगावरचे दागिने नव्हते. एकेक करून घराबाहेर गेलेल्या वस्तूंची ती जंत्री होती, आणि शेवटी कवितेतली बाई खरोखरीच दारात उभी होती. मोकळ्या गळ्याने, सोनाराकडून परत येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहात. ‘घरात कोणी नाही’ असे मी लिहिले होते. घरात काही उरले नव्हते, असे कविता सांगत होती. विद्यार्थ्यांना आयुष्यभर काळ आणि अर्थ शिकवणाऱ्या माणसाला ‘होती’ आणि ‘आहे’ यांतला फरक दिसला नव्हता. कारण दागिन्यांची नावे दिसताच त्याचा शब्द तयार झाला होता.

संग्रह फार मोठा होता असे मी म्हणणार नाही. काही कविता सरावाच्या होत्या, दोन-तीन ठिकाणी शेवट सोपा झाला होता, आणि हे तेव्हा लिहायला हरकत नव्हती; तेच खरे तर लिहायला हवे होते. त्या कवयित्रीचा दुसरा संग्रह माझ्या पाहण्यात आला नाही. त्याचा संबंध माझ्या दोन पानांशी जोडणे हा परीक्षकाचा अहंकारच ठरेल. तरी प्रकाशकाच्या पत्त्यावर मी एक पत्र टाकले. ते परत आले. पत्त्यावर आता दुसरेच दुकान होते. आत्या त्याआधीच गेली होती.

शब्द मात्र थांबलेला नाही. गेल्या काही वर्षांत त्याचा वापर बदललेला माझ्या कानांना जाणवतो. मुली तो एकमेकींना हसत म्हणतात, लग्नाच्या आदल्या दिवशी बेत म्हणून म्हणतात, त्यात दटावणी उरलेली नसते. द्वित्त ‘ट’ तसाच आहे, पण थापटीऐवजी आता टाळीसारखा वाजतो. अर्थात सर्वत्र असे झाले आहे असे नाही. कार्यालयात, वर्गात आणि बसच्या रांगेत तो जुन्या स्वरातही ऐकू येतो, आणि मध्यंतरी एका काव्यवाचनात एका वक्त्याने जवळजवळ माझेच वाक्य उच्चारले तेव्हा श्रोते हसलेही.

मागच्या दिवाळीत माझी पाच वर्षांची नात खोलीत आली. आईची ओढणी लुगड्यासारखी गुंडाळलेली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर एकाखाली एक तीन टिकल्या. म्हणाली, “आजोबा, बघा, मी नट्टापट्टा केलाय.” शब्दांची टिपणे ठेवण्याचा माझा एक जुना खोका आहे. तीत ‘नट्टापट्टा’ या कार्डावर आजीचे वाक्य आणि माझे वाक्य अशा दोन नोंदी होत्या. त्याखाली मी हे वाक्य लिहून घेतले, आणि पुढे ‘प्रथमपुरुष, एकवचन’ असे नोंदवून तारीख घातली.